उचल, व्हिसा आणि कुंपण

ऑगस्ट संपत आला की कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या दक्षिणेला, सेल्मा गावाभोवतीच्या द्राक्षबागांत दोन ओळींच्या मधे कागदाचे ताव अंथरलेले दिसतात. तासगावच्या माणसाला नवल वाटेल, कारण आपल्याकडे बेदाणा शेडमधल्या जाळ्यांवर पडतो. इथली जुनी पद्धत अशी की घड कापायचा आणि तिथंच वेलीच्या पायाशी कागदावर पसरायचा. पुढचं काम ऊन करतं. मजुरी कागदामागे मिळते, त्यामुळे पाठ सरळ करायला कोणी थांबत नाही. हातात इळ्याच्या आकाराचा छोटा वाकडा चाकू, तोंडाला रुमाल, वर टोपी, पारा चाळिशीला टेकलेला. बांधाला एक जुनी पांढरी बस उभी असते आणि तिच्या मागे चाकांवरचा संडास जोडलेला असतो.

ठिबकच्या कामानिमित्त मी या बागांतून फिरतो. मूळचा मी धारूर तालुक्यातला. दसरा झाला की आमच्या गावातली कितीतरी घरं कुलपात जातात, भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं ट्रॉलीत चढतात आणि गावात म्हातारी माणसं उरतात. म्हणून सेल्माची ती बस मला परकी वाटत नाही. गेल्या खेपेला गावी गेलो तेव्हा शेजारच्या काकूंना मी या मजुरांबद्दल सांगत होतो. काकूंची उभी हयात उसाच्या फडात गेली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तिकडं उचल किती देतेत?" म्हटलं, देत नाहीत, उलट मजुरालाच पैसे भरावे लागतात. काकू जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग ते कशापायी जातेत?"

अमेरिकेतली स्थलांतराची चर्चा मी गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे. भिंत किती मैल, जवान किती, धाडी किती. काकूंचा प्रश्न मात्र त्या चर्चेत येत नाही, आणि माझ्या मते सगळं घोडं तिथंच अडलं आहे.

उचल म्हणजे काय ते मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको. हंगामाआधी मुकादमाकडून एका कोयत्यामागे रक्कम घ्यायची, फडात राबून ती फेडायची, खाडा पडला की दंड, आणि हंगामाच्या शेवटी हिशोबात बाकी निघाली तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. मधेच फड सोडून जाता येत नाही. मेक्सिकोच्या मजुराचं उलट आहे. हंगामी शेतमजुरीचा जो व्हिसा आहे, एच-टू-ए, त्यासाठी मजुराकडून भरतीचे पैसे घ्यायला अमेरिकेच्या कायद्यानं बंदी आहे. तरी गावातला दलाल पैसे घेतो. मजूर ते व्याजानं काढतो, कधी जमिनीचा कागद गहाण टाकतो. म्हणजे इकडे आणि तिकडे पैसा उलट्या दिशेनं वाहतो, पण हंगाम सुरू होण्याआधीच मजुराच्या डोक्यावर कर्ज बसतं ते दोन्हीकडे सारखंच. त्यात भर म्हणजे व्हिसा एका मालकाच्या अर्जावर मिळालेला असतो. मालकाशी बिनसलं की काम जातं, कामाबरोबर राहायची खोली जाते आणि देशात राहण्याचा हक्कही धोक्यात येतो. कर्ज तेवढं राहतं. इथल्या शेतातल्या मुकादमाला मायोर्दोमो म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा अर्थ विचारावा लागला नाही, मजूर त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत होते त्यावरूनच कळला.

ही व्यवस्था काल-परवाची नाही. १९४२ मध्ये, महायुद्धात माणसं कमी पडली म्हणून, अमेरिकेनं मेक्सिकोशी करार करून 'ब्रासेरो' योजना सुरू केली. ब्रासो म्हणजे स्पॅनिशमध्ये बाहू. योजनेच्या नावातच बाहू होते. २२ वर्षांत ४६ लाखांच्या आसपास करार झाले. ऐन भरात, १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात, वर्षाला चार लाखांवर माणसं येत होती. सीमेवरच्या केंद्रात त्यांना उघडं करून अंगावर डीडीटी फवारायचे. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले दहा टक्के बचत म्हणून कापून मेक्सिकोतल्या बँकेकडे पाठवले जात आणि अनेकांना ते पैसे कधीच मिळाले नाहीत. साठ वर्षांनंतर म्हातारे झालेले ब्रासेरो त्यासाठी कोर्टकचेऱ्या करत होते. करार झाला की मजूर कायदेशीर, मुदत संपली की बेकायदेशीर. बाग तीच, माणूस तोच.

फ्रेस्नोच्या होली क्रॉस दफनभूमीत एक दगड आहे. २८ जानेवारी १९४८ ला मेक्सिकन मजुरांना परत सोडायला निघालेलं विमान कोलिंगाजवळच्या लॉस गातोस खोऱ्यात पडलं. ३२ जण गेले, त्यांत २८ मजूर होते. काहींची कराराची मुदत संपली होती, काही विनाकागद आले होते. बातम्यांत वैमानिक आणि कर्मचाऱ्यांची नावं आली, बाकीचे नुसते 'हद्दपार केलेले'. त्या २८ मजुरांना एकाच खड्ड्यात पुरलं आणि वर नावाविना पाटी लावली. नावं कोरलेला दगड बसायला २०१३ साल उजाडलं. मी तिथं उभा राहून एकेक नाव वाचलं. कोण कराराचा आणि कोण विनाकराराचा, हे त्या दगडावरून कळत नाही, आणि ते कळण्याची मला गरजही वाटली नाही.

१९६४ च्या अखेरीला ब्रासेरो बंद झाली. योजनेत जुलूम होता, तिच्याविरुद्ध लढणाऱ्यांत सेझार चावेझसारखे मजुरांचे पुढारी होते, आणि ती बंद पडली याचं मला वाईट वाटत नाही. पण लगोलग दुसरी गोष्ट घडली. १९६५ च्या कायद्यानं पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर पहिल्यांदाच आकड्यांची मर्यादा घातली, १९६८ पासून वर्षाला १ लाख २० हजार, सगळे देश मिळून. १९७६ मध्ये तर एकट्या मेक्सिकोला २० हजारांचा कोटा आला. जिथून वर्षाला चार लाख माणसं राबायला बोलावली जात होती, तिथला दरवाजा एवढासा झाला. बागा मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या आणि द्राक्षं ऑगस्टमध्येच पिकत राहिली. मग माणसं आली, विनाकागद आली. आज ज्याला 'बेकायदा घुसखोरी' म्हणतात तिचा मोठा भाग असा, जुनी वहिवाट तशीच ठेवून वरून कायदा बदलल्यानं तयार झाला. हे सांगितल्याशिवाय सीमेबद्दल बोलणं मला अप्रामाणिक वाटतं.

तरीसुद्धा साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांत माणूस हंगामाला यायचा, कमवायचा आणि घरी जायचा. आमच्या गावचे लोक कारखान्याचा पट्टा पडला की परत येतात, तसंच. बायकापोरं तिकडे मेक्सिकोत, मिचोआकान नाहीतर वाहाका राज्यात असायची. हे चक्र तोडलं ते कुंपणानं. १९९३ मध्ये एल पासोला आणि १९९४ मध्ये सॅन डिएगोला सीमा आवळायला सुरुवात झाली. तेव्हा सीमादलात चार हजारांच्या आसपास जवान होते, २०११ पर्यंत ते २१ हजारांवर गेले. २००६ च्या कायद्यानं ७०० मैलांचं कुंपण मंजूर केलं. शहरांजवळची वाट बंद झाल्यावर लोक अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातून येऊ लागले आणि तिथं तहानेनं हजारो मेले. दलालाची फी वाढली. आत आलेला माणूस मग परत जाईना, कारण एकदा गेलो तर पुन्हा येणं जिवावरचं. त्यानं बायकोलाच बोलावून घेतलं. विनाकागद राहणाऱ्यांची संख्या १९९० मध्ये ३५ लाखांच्या आसपास होती, ती २००७ मध्ये सव्वाकोटीच्या घरात पोचली, आणि नेमक्या याच काळात पहारा सर्वांत जास्त वाढला होता. डग्लस मॅसी या समाजशास्त्रज्ञानं मेक्सिकोच्या गावागावांतून वर्षानुवर्षं माहिती गोळा करून हे मांडलं आहे. पहाऱ्यामुळे येणारे फारसे थांबले नाहीत, परत जाणारे मात्र थांबले.

सेल्माच्या बागेत एक जण आहे, त्याचं नाव लिहीत नाही. वाहाकाचा, मिश्तेक ही तिथली मूळ भाषा बोलणारा. त्याचं स्पॅनिश माझ्या स्पॅनिशपेक्षा जरासंच बरं. विशीत आला, आता पन्नाशीकडे झुकला आहे. मधल्या वर्षांत त्याची आई गेली. अंत्यविधी त्यानं फोनवर पाहिला, बागेच्या कडेला, त्या पांढऱ्या बसच्या सावलीत. मायोर्दोमोनं त्याला अर्धा तास दिला. गेला असता तर परत येता आलं नसतं, आणि इथं जन्मलेली त्याची तीन मुलं शाळेत आहेत.

सीमा राखू नये असं मी म्हणत नाही. आपल्या दारातून कोण आत येतो हे पाहण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. मी स्वतः व्हिसावर इथं राहतो आणि ते कागद जिवापाड जपतो. डिसेंबर २०२३ मध्ये एका महिन्यात दक्षिण सीमेवर सीमादलानं सुमारे अडीच लाख वेळा माणसं ताब्यात घेतली. इतकी गर्दी कुठल्याही सरकारची झोप उडवेल. पण त्यात मोठा भाग आश्रय मागणाऱ्यांचा होता, व्हेनेझुएलापासून कुठून कुठून आलेला. त्यांचा प्रश्न वेगळा आहे. पंचवीस वर्षं द्राक्षं तोडणाऱ्या माणसाला त्यांच्याबरोबर एकाच मापानं मोजणं बरोबर नाही. जुलै २०२५ च्या कायद्यानं भिंतीसाठी ४६ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम ठेवली. तो माणूस भिंतीच्या अलीकडे केव्हाचा आहे.

आता आपल्या लोकांबद्दल. बे एरियात किंवा न्यू जर्सीत, गणपतीत किंवा कुणाच्या घरच्या जेवणात, हा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "आम्ही रांगेत उभे राहिलो, यांनी रांग मोडली." यामागचा सल मला कळतो. ग्रीन कार्डावर १९९० च्या कायद्यानं घातलेली प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा आपल्या किती जणांची उमर खाते आहे, हे मी घरात पाहतो. पण शेतमजुरासाठी रांग होती कुठे? कमी कौशल्याच्या कामावर कायम राहता येईल असे व्हिसा अख्ख्या जगाला मिळून वर्षाला फार तर १० हजार ठेवले, आणि १९९७ नंतर त्यांतलेही बरेचसे दुसरीकडे वळवले. सगळ्या क्षेत्रांतले मजूर त्यातच. शेतात राबणारी माणसं लाखोंनी मोजावी लागतात. त्या हिशोबानं सेल्माचा तो गडी रांगेत उभा राहिला असता तर त्याच्या नातवाचा नंबरही लागला नसता.

दुसरं असं की रांग मोडणाऱ्यांत आपणही आहोत. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकी लष्कराचं विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, हातात बेड्या, पायात साखळ्या. बहुतेक पंजाब, हरियाणा, गुजरातचे. महाराष्ट्राचेही तिघे होते. जानेवारी २०२२ मध्ये कॅनडाच्या सीमेवर बर्फात गोठून गेलेलं चौघांचं कुटुंब गुजरातमधल्या डिंगुचा गावचं होतं. आणि कायदेशीर पाहुणे म्हणून आलेल्या भारतीयांचं काय झालं, तेही कोर्टाच्या कागदांत आहे. कॅटरिना वादळानंतर मिसिसिपी आणि टेक्सासमध्ये सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीनं हंगामी व्हिसावर सुमारे पाचशे भारतीय वेल्डर-फिटर आणले. मुंबईतल्या एजंटामार्फत भरती झाली. एकेकानं दहा हजार डॉलर आणि त्याहून जास्त भरले होते, ग्रीन कार्ड मिळेल या शब्दावर, शेती आणि दागिने विकून. इथं आल्यावर एका खोलीत चोवीस जण, आणि त्यासाठी महिन्याला हजारावर डॉलर पगारातून वजा. मार्च २००८ मध्ये शंभरावर कामगार काम टाकून बाहेर पडले आणि न्यू ऑर्लिन्सहून वॉशिंग्टनकडे निघाले. २०१५ मध्ये ज्युरीनं पहिल्या पाच जणांना १ कोटी ४० लाख डॉलर भरपाई दिली. ही माणसं भिंत ओलांडून आली नव्हती. त्यांच्याकडे शिक्का मारलेला व्हिसा होता, आणि मालकानं त्याच व्हिसाचा दोर केला होता.

शेतातही तेच. एच-टू-ए व्हिसाच्या मंजूर जागा २००५ मध्ये पन्नास हजारांच्या आत होत्या, २०२४ मध्ये पावणेचार लाखांच्या वर गेल्या. वर्षाला असे किती व्हिसा द्यायचे, याला मर्यादा नाही. मालकानं राहायला जागा द्यायची, जाण्यायेण्याचा खर्च द्यायचा, करारातल्या तासांपैकी तीन चतुर्थांश काम द्यायची हमी द्यायची, असे नियम चांगले आहेत. चांगला मालक ते पाळतोही, तसे मालक मला माहीत आहेत. पण नियम मोडला तर तक्रार कोण करणार? २०२१ मध्ये जॉर्जियात केंद्र सरकारनं २४ जणांवर खटला भरला. आरोपपत्रात होतं की एच-टू-ए वर आणलेल्या मजुरांकडून नुसत्या हातांनी कांदा उपटून घेतला, बादलीमागे २० सेंट दिले, बंदुकीचा धाक दाखवला आणि कागदपत्रं काढून घेतली. लासलगावच्या बाजूचा कोणीही सांगेल, घट्ट जमिनीतून दिवसभर हातानं कांदा काढला तर बोटांचं काय होतं.

इथं मला माझ्याच व्हिसाशी तुलना करावीशी वाटते. एच-वन-बी वाल्याला २००० सालापासून नोकरी बदलता येते आणि २०१७ पासून नोकरी गेली तर साठ दिवसांची मुदत मिळते. तरीही आपण लोक साहेबासमोर किती सांभाळून बोलतो, ते आपल्याला माहीत आहे. शेतमजुराला तशीच साठ दिवसांची आणि मालक बदलण्याची सोय जानेवारी २०२५ मध्ये नियमानं मिळाली, तीही कागदावर. कारण नव्या मालकाकडे आधी सरकारची मंजुरी हवी, त्यानं अर्ज करायला हवा, आणि मजुराला इंग्रजी तर राहोच, कधी स्पॅनिशही धड येत नाही. तो दुसरा मालक शोधणार कुठे? त्याची खोली मालकाच्या शेतात आहे आणि गावात जाणारी गाडीही मालकाचीच आहे.

स्थानिकांची मजुरी पडते, हा आक्षेप मी उडवून लावत नाही. गरीब माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे. पण त्याचा एक प्रयोग होऊन गेला आहे. ब्रासेरो बंद करताना हेच कारण दिलं होतं. मायकल क्लेमेन्स या अर्थशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर जुने आकडे तपासले, तर जिथं ब्रासेरो जास्त होते आणि जिथं मुळीच नव्हते, अशा राज्यांतली मजुरी सारख्याच चालीनं वाढली होती. मालकांनी मजुरी वाढवायच्या ऐवजी यंत्रं आणली, पिकं बदलली. कॅलिफोर्नियात कारखान्याला जाणारा टोमॅटो काही वर्षांत जवळजवळ सगळा यंत्रानं निघू लागला. ऊसतोडीत हार्वेस्टर येताना आम्ही हेच पाहतो आहोत. मजुरी खरोखर पडते ती जेव्हा एकाला तक्रार करता येत नाही म्हणून मालक त्याला दुसऱ्यापेक्षा पसंत करतो. मग स्थानिक मजुराचंही हित यातच आहे की बाहेरून आलेल्याला काम सोडून जाता यावं.

म्हणून सध्या जे चाललं आहे त्याची मला भीती वाटते. कामगार खात्याच्या पाहणीत शेतात पिकांवर राबणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास लोक विनाकागद आढळतात. त्यांच्यावर धाडी. त्याच वेळी ऑक्टोबर २०२५ मध्ये एच-टू-ए मजुरांच्या किमान दराचा हिशोब बदलला आणि बऱ्याच ठिकाणी दर खाली आले. दोन्ही एकत्र वाचा. ज्यानं इथं संसार केला, ज्याला थोडंफार बोलता येतं, ज्याची मुलं भांडून हक्क मागू शकतात, तो जाईल. त्याच्या जागी आठ महिन्यांसाठी बांधलेला, कर्जातला, एकटा माणूस येईल. सीमा सुरक्षित झाली असं म्हटलं जाईल आणि द्राक्षंही स्वस्तात तोडून होतील.

मला हवी असलेली सुधारणा फार मोठी नाही. व्हिसा मालकाच्या नावावर न देता शेतीच्या कामावर द्या, म्हणजे मजूर या बागेतून त्या बागेत जाऊ शकेल. भरतीचे पैसे दलालानं घेतले तर ते मालकानं भरून द्यायचे, मालकाला माहीत असो वा नसो. मग बघा मालक दलाल कसा पारखून घेतात. हंगाम संपल्यावर घरी जाऊन पुढच्या वर्षी विनासायास परत येता यावं. काही हंगाम राबलेल्याला, त्याची इच्छा असेल तर, कायम राहण्याचा अर्ज करता यावा. आणि जे आधीपासून आहेत त्यांच्या कामाचे दिवस मोजून त्यांना कागद द्यावेत. रोनाल्ड रेगन यांनी सही केलेल्या १९८६ च्या कायद्यानं सुमारे २७ लाख लोकांना असे कागद मिळाले, त्यांत दहा लाखांवर शेतमजूर होते. चूक अशी झाली की पुढच्यांना यायची वाट तेव्हा आखली नाही. २०१३ मध्ये सिनेटनं ६८ विरुद्ध ३२ मतांनी मोठं विधेयक मंजूर केलं, सीमेवर आणखी २० हजार जवान आणि शेतमजुरांना कागद, दोन्ही त्यात होतं. प्रतिनिधिगृहानं ते मतदानालाच घेतलं नाही. शेतमजुरांचं वेगळं विधेयक प्रतिनिधिगृहात २०१९ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२१ मध्ये मंजूर झालं, दोन्ही पक्षांची मतं मिळून. ते सिनेटमध्ये राहिलं.

त्या विधेयकात अट होती, मागच्या दोन वर्षांत किमान १८० दिवस शेतात काम केल्याचा पुरावा. सेल्माच्या त्या गड्यानं मला एकदा घरी बोलावलं होतं. पलंगाखालून त्यानं बुटाचा खोका ओढून काढला. आत पगाराच्या चेकचे स्टब होते, वर्षावर्षाचे गठ्ठे, रबर लावलेले. जुन्यांची शाई उडून गेलेली. काही स्टबवरचं नाव त्याचं नव्हतं, दुसऱ्याच्या नावावर काम केलं होतं त्या काळातले. तेही त्यानं ठेवले होते. काकूंकडे मुकादमाच्या वहीशिवाय दुसरा कुठलाही कागद नाही, आणि ती वहीही मुकादमाकडेच असते. मी त्याला विचारलं, अजून साठवतोस? तो म्हणाला, दर शुक्रवारी. आणि त्या आठवड्याचा स्टब घडी घालून सगळ्यांत वर ठेवला.